पूर्णेचं पाणी

माहा भाचा मनोज धर्माचा मोठा पक्का, हे साऱ्या दर्यापूरले माहीत आहे. दंडावर महादेव गोंदला, मोटरसायकलवर त्रिशूळ, अन् मोबाइलवर रोज सकाळी नवा श्लोक. अर्थ इचारला तं म्हणे, "आत्या, फीलिंग पाहाय ना!" घ्या बाप्पा!

त्याचा बाप, माहा भाऊ शेषराव, फुलं पिकवणारा माणूस. श्रावणात अनवाणी पूर्णेवर जाये. खांद्यावर कावड घेऊन मुक्यानं परत ये, वाटेत कुठं टेकवत नसे. महादेवाले पाणी घालून उरलेलं घोटभर आमच्या साऱ्यायच्या तोंडात टाके. बस, एवढाच त्याचा धर्म.

यंदा लकव्यानं तो खाटेवर पडला. एकच मागणं केलं त्यानं, "मन्या, तुह्या हातानं पूर्णेचं पाणी पाज. मंग मी मोकळा."

"आणतो बाबा," मनोज म्हणाला. मनापासून म्हणाला. पोट्टा मनाचा वाईट नाई, हेच तं दुःख आहे.

कावड निघाली. डीजे, झेंडे, गुलाल. पोट्टे कावड घेऊनच नाचले. नाचणाऱ्याच्या मडक्यात पाणी राहते काय? गावाशी आले तं मडके ठणठण. मंग तिथल्याच बोअरवर भरले. आमच्या खारपाणपट्ट्यातलं बोअर! त्या पाण्यात डाळ शिजत नाई.

मनोजनं बापाले घोट पाजला, मोबाइलवर शूटिंग सुरू ठेवून. शेषरावनं तोंड वाकडं केलं. मी लोट्यात बोट बुडवून चाटलं. नुसतं मीठ! मनोजले बाहेर ओढलं. "काहून रे, हे पाणी कुठचं?"

"आत्या, पाणी कोणतंही असो, श्रद्धा पाहिजे."

"मंग नदीवर कायले मराले गेला होता?"

आत आलो तं शेषराव इचारते, "मन्या, पूर्णा खारी झाली काय रे?"

मनोजनं माह्याकडे पाहिलं. "हाव बाबा."

माहा भाऊ नदीसाठी रडला. भेटाले येणाऱ्या हरेकाले सांगे, "पूर्णा खारी झाली." लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. माह्या जिवाची आग आग होये.

शेवटी मीच जीपमध्ये बसून नदीवर गेली, बाटली भरून आणली. पण सांगू काय? नदी गोड आहे म्हणावं तं पोरगा खोटा ठरते, अन् त्या पोरावरच तं याचा जीव. नुसतं म्हटलं, "दादा, घोट घे. पूर्णेचं आहे."

त्यानं दात आवळले. "राहू दे दुर्गा. खारं आहे ते."

त्याच संध्याकाळी गेला तो. तोंड कोरडंच.

तेरवी झाल्यावर मनोज त्या बाटलीपाशी येऊन बसला. डोळे सुजलेले. "आत्या, मले घोटभर देतं?"

मी बाटली उचलून पदराखाली घेतली.

"श्रद्धा ठेव," म्हटलं, "अन् बोअरचंच पी."