दाराआडचा थंडावा

“दोष एसीच्या मशीनचा न्हाय, आये, तुझ्या हाताचा हाय,” विजेचं बिल टेबलावर आपटत कुणाल म्हणाला. “दर पंधरा मिनिटांनी बाबांच्या खोलीचं दार उघडतेस. सगळा गारवा हॉलमध्ये. आपण काय अख्खं अंजूर गाव गार करायचा ठेका घेतलाय?”

“तुझा बापूस हाय आत. मशीन बघायला न्हाय जात मी.”

“ते झोपलेले असतात. झोपलेल्या माणसाचं काय बघतेस?”

काय बघते ते राहीबाईला तोंडातून काढायचं नव्हतं.

“आई, रागावू नका,” डब्याचं झाकण लावता लावता सून विनिता म्हणाली. “मेकॅनिकपण तेच बोलला ना. दार बंद राहिलं तर मशीनला जरा दम मिळतो. युनिटचा एक टप्पा ओलांडला की पुढचं प्रत्येक युनिट महाग. आपण दोन टप्पे ओलांडलेत.”

“त्या मेकॅनिकला सांग, आपल्या आज्याला कोंड आत आणि बस बाहेर.”

“झालं!” कुणालने हात जोडले. “आता बापाला कोंडला म्हणून माझ्यावर केस कर. आणि घरामागच्या बोळाचं काय? गोडाऊनवाला दीपेश संध्याकाळी कागद घेऊन येतोय. बोळावर पत्रा टाकला की गाळा दहा फुटांनी वाढतो. त्या वाढीव भाड्यात बिल निघेल, हॉलमध्ये दुसरं मशीन बसेल. तुझी फक्त एक सही.”

“आणि वारा?”

“कुठला वारा? आये, लोक मशीन मागतात, तू वारा मागतेस.”

विनिता चपला घालत होती, तिला हसू आलं. ती पूर्ण्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात ड्युटीला जायची. कुणालही गाडीची किल्ली घेऊन निघाला, उंबऱ्यात थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आज एक दिवस दार बंद ठेवून बघ. बाबांसाठीच सांगतोय. खोली एकसारखी गार राहिली तर त्यांनाच बरं.”

ते खरं होतं. बापासाठी एवढं महागडं मशीन आणणारा मुलगा गावात दुसरा नव्हता. “बरं,” राहीबाई म्हणाली. “आज न्हाय उघडत.”

राहीबाई या घरात सून म्हणून आलेली नव्हती. ती इथेच जन्मली. बापाला ती एकटीच, म्हणून दापोड्याचा पंढरी घरजावई होऊन आला आणि पहिली दोन वर्षं गावाने त्याला ‘पाव्हणं, कधी निघताय?’ विचारून छळलं. तो नुसता हसायचा. भात झोडून झालं की घरामागच्या करंजाच्या झाडाला धरून तो चार खांब रोवायचा, मांडव घालायचा आणि वर पेंढा रचायचा. गुरांचा चारा वर, माणसं खाली. दुपारी तिनाच्या सुमाराला खाडीवरून वारा सुटायचा, खारट, चिकट, पण अंगावरचा घाम तो वाळवायचा. घर कौलारू होतं. उन्हाळ्याला लोक शिव्या द्यायचे, पण भीत कोणी नसे.

मग शेतं भाड्याने गेली. त्यांच्याही शेतावर, घर आणि खाडी यांच्या मधोमध, गोडाऊन उभं राहिलं. तेही राहीबाईच्या सहीने, कारण जमीन बापाने तिच्या नावावर केलेली. त्या भाड्यातून कौलं उतरली, स्लॅब पडला, कुणालचं लग्न झालं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. चिखलात वाकून तिची कंबर गेली होती. शेतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पावसाळा भाताची आवणी करून बघावी, असं ती तोंडावर म्हणायची.

पण गोडाऊनची पत्र्याची भिंत दिवसभर ऊन प्यायची आणि दुपार झाली की ते घरावर ओकायची. वारा यायला एकच जागा उरली. गोडाऊनचं टोक आणि शेजारचं कंपाउंड यांच्यातला तो दहा फुटांचा बोळ, करंजासकट.

दोन वर्षांपूर्वी पंढरीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ‘बो’ एवढाच आवाज उरला. पाणी हवं तरी बो, नको तरी बो, राहीला हाक मारायची तरी बो. यंदा फाल्गुनातच ऊन तापलं तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “गोळ्यांमुळे आणि वयामुळे यांना घाम कमी येतो. ऊन चढलं तर त्यांना सांगता येणार नाही. तुम्हीच बघायचं.”

कसं बघायचं, हे तिला गेल्या महिन्यात कळलं. दोन घरं सोडून राहणारा बाळाराम दुपारी जेवून पत्र्याच्या खोलीत आडवा झाला. चहाच्या वेळी सुनेने हाक मारली, तो उठलाच नाही. घरातल्या कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. ऐकू येण्यासारखं काही झालंच नव्हतं. तेव्हापासून राहीबाई दार उघडून आत जायची आणि पंढरीच्या नाकाखाली हाताची पालथी बाजू धरायची. श्वास लागला की बाहेर. बाहेर आली की दाराकडे बघत बसायची, पुन्हा भीती दाटेपर्यंत.

त्या दुपारी एक वाजता तिने पंढरीला पेज भरवली. सोमीने त्याला कूस बदलून निजवलं. सोमी डोंगराच्या पाड्यावरून रोज यायची. पंढरीला उचलणं, धुणं, बसवणं तिच्याकडे. तिने मशीन सव्वीसवर लावलं. खिडकीला कुणालने गोडाऊनमधला चंदेरी कागद चिकटवला होता आणि दाराखालच्या फटीत फोम ठासला होता. दार लागलं की खोली डब्यासारखी बंद व्हायची.

“तुमचं घर म्हणजे झाकण लावलेलं टोप,” बाहेर येत सोमी म्हणाली. “आमच्या कुडाच्या भिंतीतून वारा येतो, विंचूपण येतो. पण जीव गुदमरत न्हाय.”

“मग विंचू दे पाठवून दोन,” राहीबाई म्हणाली.

दोघी पुढच्या ओटीवर जवळ्याची सुकी मासळी निवडत बसल्या. दुपारी गावात आवाज उरत नाही, फक्त ट्रकांचे हॉर्न. आतून पंख्याची टक-टक येत होती. पंढरीच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, म्हणून तो बोलायचा. राहीबाई त्या टक-टकीला धरून बसली. पंखा चालू आहे म्हणजे वीज आहे. वीज आहे म्हणजे मशीन चालू आहे. मशीन चालू आहे म्हणजे तो गार आहे.

अर्ध्या तासाने तिचे हात थांबले. ती उठून दारापर्यंत गेली, कडीवर बोटं ठेवली आणि परत आली.

“बघून या ना,” सोमी म्हणाली.

“बरं बोललेय मी त्याला. आज न्हाय उघडायचं.”

“तो काय बघायला येतोय?”

“बिलात दिसतं त्याला.”

सोमी खळखळून हसली. राहीबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे बाळारामची खाट आली, उशीवरचा डोक्याचा खळगा आला. तिने मूठभर जवळा ताटात पसरला आणि एकेक काडी, एकेक शिंपलीचा तुकडा वेचू लागली. हे ताट झालं की बघायचं. मग, दुसरं ताट झालं की. तिच्या स्वतःच्या पदराखालून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तिला वाटत होतं, आत तो गारव्यात झोपलाय, मी उगाच मरतेय भीतीने. पंखा टक-टक करत होता.

अडीच वाजून गेल्यावर सोमी उठली. मशीनच्या नळीतून ठिबकणारं पाणी राहीबाई बादलीत धरायची. रोज दुपारी अर्धी बादली भरायची, ती करंजाला जायची. सोमी घरामागे गेली आणि तिथूनच ओरडली, “बाय, आज पाणीच न्हाय पडलं! बादली कोरडी हाय!”

राहीबाईच्या मांडीवरचं ताट ओटीभर सांडलं.

तिने दार उघडलं तेव्हा आतली हवा तिच्या तोंडावर आली, भट्टीचं दार उघडावं तशी. पंखा फिरत होता आणि तीच तापलेली हवा वरून खाली ओतत होता. मशीनवरचा हिरवा ठिपका विझलेला. पंढरी उताणा पडला होता, डोळे उघडे, ओठांवर पांढरा चिकटा. त्याचा डावा हात भिंतीशी होता आणि बोटं भिंतीवर घासत होती. किती वेळ घासत होती कोण जाणे. भिंतीवरचा रंग नखांनी उठला होता.

तिने कपाळाला हात लावला. घामाचा एक थेंब नाही. कोरडं, तव्यासारखं कपाळ.

“अवो!” ती म्हणाली. “अवो, बो म्हणा. बो म्हणा एकदा.”

तो काही म्हणाला नाही. डोळे तिच्याकडे वळले, पण ओळख त्यांत नव्हती.

“चादर धरा,” सोमी म्हणाली. “पायाकडून मी. डोकं तुमच्याकडे. उचला!”

त्याला चादरीच्या झोळीत घालून दोघींनी स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बोळात नेला. राहीबाईची गेलेली कंबर कुठून उभी राहिली तिला कळलं नाही. करंजाखाली जमीन काळपट, ओलसर होती, रोजच्या बादल्यांनी. तिथे त्याला निजवला. सोमीने माठ आणला, पाणी त्याच्या मानेवर, काखेत, जांघेत ओतलं, ओलं लुगडं अंगभर पसरलं. राहीबाईने डॉक्टरांना फोन लावून धावत यायला सांगितलं.

मग गोडाऊनच्या टोकावरून वारा आला. रोजच्यासारखाच, फार जोराचा नाही. ओल्या लुगड्याखाली पंढरीच्या छातीवर काटा उठला. राहीबाई त्या काट्याकडे बघत राहिली.

डॉक्टर स्कूटरवरून आले. सलाइनची बाटली त्यांनी करंजाच्या फांदीला बांधली. मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावून ठेवली, दोनदा ताप बघितला, मग तासाभराने म्हणाले, “उतरतोय. पण गाडी येऊ द्या, नेऊन तपासून घेऊ. दार कधी उघडलंत?”

“अडीचनंतर.”

“आणखी थोडा वेळ...” डॉक्टरांनी बाटलीचा थेंब वाढवला.

विजेचं कोडं कुणालने आल्या आल्या सोडवलं. तीन फेजपैकी एक गेला होता, तोच मशीनचा. पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर, म्हणून घरात कुणाला काही कळलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. विनिता फोन मिळताच धावत आलेली, डबा अजून खांद्याला.

पंढरीला दवाखान्यात तपासलं, दोन बाटल्या आणखी दिल्या. रात्री इथेच ठेवा, असं तिथले डॉक्टर म्हणाले, म्हणून विनिता थांबली. सांज होता होता तो विनिताकडे बघून ‘बो’ म्हणाला. विनिताने ते फोनवरून सासूला ऐकवलं. राहीबाई तेव्हा कपडे न्यायला घरी आली होती. तिने तो आवाज दोनदा ऐकवायला लावला.

फोन ठेवला तर हॉलमध्ये दीपेश बसलेला. भला माणूस, पण चुकीच्या वेळी आलेला. गुडघ्यावर प्लास्टिकची फाइल.

“काकी, आज राहू दे का? मला कुणालने सांगितलं. उद्या परवा बघू.”

“आये,” कुणाल तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी मोठा इन्व्हर्टर घेतो. मशीन त्याच्यावर चालेल. अलार्म लावतो. गाळ्याचं भाडं वाढलं की सगळं जमेल, असं परत नको व्हायला म्हणूनच—”

तो चांगलंच बोलत होता. हिशेबात कुठे चूक नव्हती. राहीबाईने पंढरीच्या खोलीकडे पाहिलं. दार अजून उघडं होतं, भिंतीवर नखांचे चार ओरखडे दिसत होते. मोठ्या इन्व्हर्टरचीही कधीतरी एखादी वायर जाईल, कुणालाही न कळता, आणि पंखा टक-टक करत राहील. करंजाच्या सावलीवरही तिचा पुरता भरवसा नव्हता. वैशाख अजून अर्धा उरला होता. एखाद्या दुपारी वारा आलाच नाही तर? ती भीती आता तिच्याजवळच राहणार होती. पण ती उघड्यावरची भीती होती, डोळ्यांसमोरची.

तिने कपड्यांच्या पिशवीची गाठ मारली.

“दीपेश, कागद घेऊन जा. सही मी करणार न्हाय, आज न्हाय आणि उद्यापण न्हाय. बोळ तसाच राहील. कुणाल, सोमीचा घरवाला येसू सकाळी चार खांब आणि पेंढा घेऊन येतोय, त्याला हात लाव. तुझ्या बापसाची खाट दुपारी मांडवात. मशीन रात्री चालवा, बिल येईल ते येईल. आणि त्या खोलीचं दार उद्या बिजागरीवरून काढायचं.”