शेखचाचा आणि चारशे वर्षांपूर्वीचा विनोद

शिरूरच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी एकदा इंग्रजी नाटकातल्या विनोदाला हसले होते... आयुष्यात पहिल्यांदाच. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला चारशे वर्षांपूर्वीचं एक विनोदी नाटक होतं आणि त्याच पेपरात मी नापास झाले होते. शब्द जुने, वाक्यं उलटीपालटी. गाइडमध्ये लिहिलेलं, 'येथे शाब्दिक विनोद आहे'... मी तेही पाठ केलं होतं. पण हसायचं कुठे, ते काही कळत नव्हतं.

केंदूरला आमची शेवंतीची शेती. आप्पा म्हणाले होते, ऑक्टोबरला पेपर निघाला तर शीक, नाहीतर स्थळं बघू. रागानं नाही, अगदी शांतपणे म्हणाले... म्हणून जास्त भीती वाटली.

त्या दिवशी आप्पांना सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायचं होतं. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या शेखचाचांकडून अर्ज लिहून घेऊन ते रांगेत गेले. मी चाचांच्या बाकड्यावर पुस्तक उघडून बसले... डोळे भरून आले असावेत.

चाचांनी चष्म्यावरून बघितलं आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांना इंग्रजी अर्जापुरतंच यायचं, पण त्यांनी समोरचा एक पिवळा पडलेला कागद माझ्याकडे सरकवला.

"भावाभावांचा राजीनामा हाय ह्यो. म्हंजी नोकरी सोडली का त्यांनी?"

मी कागद उलटसुलट करून बघितला.

"राजी झाले दोघं. तडजोड झाली. तवा ह्या शब्दाचा अर्थ त्यो होता. आजचा अर्थ घिऊन जुना कागद वाचला तर चुकायचंच, पोरी."

मग त्यांनी मला अडलेली जागा सांगायला लावली. मालक नोकराला 'रीझन' विचारतो, म्हणजे कारण. नोकर म्हणतो, होते तेवढे खाऊन संपले... आता कारण कोण खातं?

"तवाची माणसं ह्यो शब्द बोलायची कशी?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुस्तकाच्या मागे बारीक अक्षरात टिपा होत्या, त्या कधी उघडल्या नव्हत्या. शोधलं, तर त्या काळी 'रीझन'चा उच्चार 'रेझिन'च्या जवळ जायचा. रेझिन म्हणजे मनुके...

मी मोठ्यानं वाचलं, मग मराठीत सांगितलं. आधी चाचा हसले, खांदे हलवत. मग मी. आप्पा रांगेतून वळून बघायला लागले.

त्यानंतर आप्पांबरोबर शिरूरला आले की मी चाचांना एकेक प्रवेश सांगायचे. गिऱ्हाईक नसलं की ते ऐकायचे आणि पुढं काय झालं म्हणून अडून बसायचे. त्यांना सांगायचं म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्या टिपा वाचून काढायचे.

ऑक्टोबरला पेपर निघाला. निकाल सांगायला गेले आणि वाकून नमस्कार केला, तर ते अवघडले. "मी काय शिकवलं? इचारलं फक्त," म्हणाले.

आज मी इंग्रजी शिकवते. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. माझे गुरू कोण, असं कुणी विचारलं की मी त्यांचं नाव आधी घेते. लोक विचारतात, कुठल्या कॉलेजला होते?

मी सांगते... तहसीलबाहेर बसायचे, अर्ज लिहायचे.