हे चमचे परत काळे करून द्या

साडेअकराला मालतीबाई हातात ट्रे घेऊन माझ्या खोलीत शिरल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "देशपांडे, हे चमचे परत काळे करून द्या."

सिकंदराबादच्या एका हॉटेलात गेली चोवीस वर्षं मी स्ट्युअर्डिंग सांभाळतोय. सोप्या भाषेत सांगायचं तर भांडी. धुणं, पुसणं, मोजणं, चकाकवणं. डाग गेले नाहीत म्हणून तक्रार करणारी माणसं मी ढिगाने पाहिलीत. डाग परत घाला म्हणणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

झालं होतं असं. अधिक महिना चालू होता. मालतीबाई नल्लकुंट्याच्या. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक, त्यामुळे जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं होतं. फ्लॅटमध्ये पंचवीस पानं मावेनात, म्हणून त्यांनी आमचा छोटा बँक्वेट हॉल घेतला. अट एकच: जावई माझ्या माहेरच्या चांदीच्या चमच्यानेच जेवणार. आमच्याकडे बाहेरची कटलरी चालत नाही. हरवली तर कोण निस्तरणार? पण आमचे बँक्वेट मॅनेजर हाशमी साहेब मालतीबाईंपुढे पाच मिनिटंही टिकले नाहीत.

"माँ के घर की चांदी है बोल रे, देशपांडे साब. रख लो. उनसे बहस मेरेसे नै होती."

चमचे आले ते डांबरासारखे काळे. बारा चमचे, रबरबँडने करकचून बांधलेले. मी कपाळाला हात लावला. रबरात गंधक असतं आणि गंधक चांदीला काळं करतं. चांदी सुती फडक्यात गुंडाळावी, रबरबँड कोथिंबिरीच्या जुडीला लावावा.

अशा वेळी लोक टूथपेस्ट घेऊन घासत बसतात. त्याने काळपटपणाबरोबर चांदीही झिजते. मी टबाच्या तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉईल पसरली, त्यावर चमचे ठेवले, मूठभर खायचा सोडा आणि मीठ टाकलं, वरून उकळतं पाणी ओतलं. गंधक चांदीला सोडून देतं आणि फॉईलच्या मागे लागतं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला की समजायचं, काम जमलं. थोड्या वेळात चमचे असे निघाले, की मला त्यांत माझं टक्कल स्वच्छ दिसलं. मी स्वतःवर भलताच खूश झालो. शीळ घालत ट्रे सजवला आणि हॉलवर पाठवून दिला.

तोच ट्रे घेऊन मालतीबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी एक चमचा उलटा करून दाखवला. ताटवाट्यांवर घालतात तसं दांड्यावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. सुमन हिस मावशीकडून.' बाराही चमच्यांवर तेच.

"सुमन कोण?" मी विचारलं.

"माझी नणंद. बर्कतपुऱ्याला असते. एक वाजता येतेय जेवायला."

लेकीच्या बारशाला त्यांनी हे चमचे नणंदेकडून मागून आणले होते. परत करायचे राहिले. अठ्ठावीस वर्षांत चमचे काळे पडले, नाव बुजलं, आणि मालतीबाईंच्या डोक्यात ते कधी माहेरचे झाले ते त्यांनाही कळलं नाही. त्यात त्याच दिवशी सकाळी त्यांनी नणंदेला फोनवर ऐकवलं होतं, "आज माझ्या माहेरची चांदी बघाल, वन्सं!"

"व्याह्यांसमोर नाक कापलं जाईल हो माझं," त्या रडवेल्या झाल्या. मला फार वाईट वाटलं. शेवटी हा उजेड मीच पाडला होता.

तेवढ्यात हाशमी साहेब आले. सगळं ऐकून म्हणाले, "उजला तुम करे ना? अब काला भी तुमीच करो."

"करता येईल," मी म्हणालो. "उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चमचे एका डब्यात बंद करायचे."

"अधिकात अंडं? जावयाच्या पानात?"

"मग कांदा? लसूण?"

"देशपांडे, धोंड्याचं पान आहे हो!"

खरंच की! चांदीला काळं करणारं जे जे मला आठवलं, ते ते अधिकात वर्ज्य. मला हसू आवरेना. हाशमी साहेब तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळले. मालतीबाईंनी आमच्याकडे रागाने पाहिलं आणि मग त्याही फिसकन हसल्या.

शेवटी ठरलं, नावाची बाजू खाली ठेवायची. तशीही चमचा मांडायची पद्धत तीच आहे. जेवताना कोण चमचा उलटा करून बघतो?

जावयाने बघितला. मुलगा काचीगुड्यात वाढलेला, इंग्लिश मिडियमचा. मराठी घडाघडा बोलायचा, पण वाचायची बोंब. त्यावरून सासूबाई त्याची टर उडवायच्या. बासुंदी संपवून त्याने चमचा उलटला आणि त्याचा चेहरा फुलला.

"आई, यावर मराठीत लिहिलंय! कुणी सांगू नक्को. मी वाचतो."

मालतीबाई जागच्या जागी थिजल्या.

"चि... सौ... कां... सु... सुमन!" मालतीबाईंच्या लेकीने टाळ्या वाजवल्या. त्याला आणखी चेव आला. "हिस... मावशी... कडून. सुमन म्हणजे आपल्या आत्या ना?"

मी दाराशी उभा होतो. सुमनताईंनी चष्मा लावला, आपल्या पानातला चमचा उलटून सावकाश वाचला.

"वहिनी, हे माझे चमचे?"

मालतीबाई तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता रडणार. त्या पुढे झाल्या आणि नणंदेच्या धोंड्यावर तुपाची धार धरली.

"हो, वन्सं. चांदी तुमचीच. चकाकी तेवढी माझी."

सुमनताईंना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, "आणि तुला दिलेले साफ विसरून मी अठ्ठावीस वर्षं माझ्या सासूवर संशय घेतला गं!" मग व्याहीसुद्धा हसायला लागले.

चमचे सुती नॅपकिनात गुंडाळून बर्कतपुऱ्याला गेले. हल्ली कुणाची घरची चांदी आली, की मी आधी एकच चमचा उजळतो. उलटा करून वाचतो, मालकांना दाखवतो आणि विचारतो, "बाकीचे करू का?"