अरगॉनमधल्या माझ्या रेषा

परराज्यातल्या त्या लेझर प्रयोगशाळेत यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो. तो शहरातल्या वकिलाचा मुलगा, मी बाभुळगावच्या बौद्ध घरातली. माझे बाबा लोहाऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात, जिथं कापसातून सरकी काढतात, फिटर होते. कापसाची ती वाईट वर्षं. जिनिंग ऐन हंगामात बंद पडायची आणि बाबा दिवसभर घरी, कोणाशी न बोलता. तो मला सगळ्यांसमोर 'गाववाली' म्हणायचा. परक्या मुलखात ते ऐकायला बरं वाटायचं.

आमचं काम असं, की लेझरचा अतिशय अल्पकाळ टिकणारा स्पंद निर्वात पेटीतल्या अरगॉन वायूच्या बारीक फवाऱ्यावर एकवटायचा. प्रकाशाच्या जोरानं अणूतला इलेक्ट्रॉन उपटला जातो, दूर फेकला जातो आणि त्या जोराची दिशा उलटली की परत येऊन आपल्याच अणूवर आदळतो. त्या धडकेतून मूळ प्रकाशाच्या कित्येक पट वारंवारतेचा प्रकाश निघतो. पडद्यावर तो ओळीनं उभ्या रेषांसारखा दिसतो. आमच्या रेषा कित्येक महिने पुसटच. सगळे फवारा बरोबर केंद्रबिंदूवर, जिथं प्रकाश एकवटतो तिथं, ठेवत. मी तो किंचित पुढे सरकवला, आणि रेषा अशा उजळल्या की एकटी असूनही मी ओरडले.

आईच्या ऑपरेशनसाठी मी गावी आले, तेवढ्यात त्यानं माझ्या त्या रेषांचीच चित्रं एका परिषदेत स्वतःची म्हणून दाखवली. परतल्यावर मी तक्रार केली, तर आमचे संशोधनाचे मार्गदर्शक म्हणाले, "मन मोठं ठेव. सगळ्यांचंच काम आहे." मी मन मोठं केलं नाही. वाट पाहिली.

दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळच्या एका कॉलेजात त्याचा सत्कार आणि व्याख्यान ठरलं. मी निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "कायले जाऊन राह्यली तू? तुले बलावलं काय?"

"नाही बलावलं. म्हणूनच चालली."

कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ता अडवलेला होता, तरी हॉल भरला होता. मी दिसताच तो हसला. मग भिंतीवर माझ्या रेषा उमटल्या. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले, तशी मी उभी राहिले.

"फवारा केंद्राच्या पुढे का ठेवला?"

"तिथं प्रकाशाची तीव्रता जास्त मिळते."

"सगळ्यात जास्त तीव्रता केंद्रावरच असते. मग पुढे काहून?"

तो पाणी प्यायला. स्लाइड मागे नेली, पुढे आणली. शेवटी प्राचार्यच मला म्हणाले, "ताई, तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्हीच सांगा."

ठाऊक होतं. इलेक्ट्रॉन लांबच्या वाटेनंही परततो आणि जवळच्याही. फवारा पुढे असला की जवळच्या वाटेनं आलेल्यांचा प्रकाश एका तालात जुळतो. दोन वाक्यांत त्याची सुटका झाली असती.

"नाही सर," मी म्हणाले, "ज्यानं केलं, त्यानंच सांगावं."

आणि खाली बसले. त्याचे कान लाल होताना पाहत राहिले. पुढच्या रांगेत त्याचे वडील मान खाली घालून होते. मला जराही वाईट वाटलं नाही.

फाटकाशी त्यानं गाठलं. "एकटं असताना विचारायचं ना! घरच्यांसमोर कशाला?"

"एकटं विचारलं असतं तर उत्तर पाठ करून आला असतास."

"रिसर्च पेपरात तुझं नाव टाकणारच होतो मी."

"कुठं? आभारात?"



आम्ही परतायच्या आत ही गोष्ट मार्गदर्शकांच्या कानावर पोहोचली होती. पेपर निघाला तेव्हा पहिलं नाव माझं होतं. तो काही बुडाला नाही. परदेशात गेला, बरं चाललं. पुढे एका नोकरीसाठी त्याच्याबद्दल माझं मत विचारलं गेलं. जे झालं होतं ते मी जसंच्या तसं कळवलं, एक शब्द वाढवून नाही की एक कमी करून नाही. ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं कळलं, त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला. कशाचा, ते कोणाला सांगितलं नाही.