वायरापाताला रस्ता नको होता

वायरापाताच्या लोकांना खालच्या गावांत ‘खेचरं’ म्हणत. एकदा पाय रोवले की हलायची नाहीत. एलेउतेरियो वार्काया त्यांतला पहिला. बापासारखाच तोही खेचरांचा तांडा हाकायचा. डोंगरावरून बटाटे आणि लोकर न्यायचा, खालून मीठ आणि चघळायला कोकाची पानं आणायचा. समुद्र पाहून आलेला गावात तो एकटाच, म्हणून त्याचा शब्द चालायचा.

सरकारी इंजिनियर रस्त्याचं विचारायला आला तेव्हा चौकात अख्खं गाव जमलं. एलेउतेरियो उठला. “रस्त्यावरून आधी परके येतील, मग आपली शेतं जातील. मी पाहिलंय खाली!” गावानं नकार दिला.

घरी बायको बासिलिया चुलीपुढूनच म्हणाली, “काळजी स्वतःच्या खेचरांची, आणि नाव गावाचं होय?”

“तुला काय कळतंय त्यातलं?” तो ओरडला. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

रस्ता नदीपलीकडच्या कोचापाम्पा गावाला गेला. त्यामागून रविवारचा बाजार गेला, मास्तर गेले, तरणी पोरं गेली. ट्रकनं मीठ येऊ लागल्यावर खेचरांना कोण विचारतो? शेवटी लेक निकासियाही गेली. तिनं कोचापाम्पाच्या बसथांब्यावर सुपाची टपरी टाकली. गावात एलेउतेरियोला तोंडावर कुणी बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

एकदा तो लेकीला भेटायला उतरला. टपरीच्या बाकावर सूप पीत बसला असता शेजारच्या ड्रायव्हरनं विचारलं, “कुठले हो आजोबा? त्या वरच्या अडेलतट्टूंच्या गावचे तर नव्हे?”

बाकीचे हसले.

“छे! मी इथलाच,” एलेउतेरियो म्हणाला.

निकासियाचा पळी धरलेला हात थांबला. मग तिनं त्याच्या वाडग्यात आणखी एक बटाटा तेवढा घातला.

निघताना ती पुलापर्यंत सोबत आली. “बाबा, मी सगळ्यांना सांगते, वायरापाताची आहे म्हणून. हसतात. हसू देत.”

“चुकलं गं माझं.”

“आजचं म्हणताय, का तेव्हाचं?”

तो वरच्या वाटेकडे बघू लागला. तिनं त्याच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली. “चढा आता. आई वाट बघत असेल.”

अर्ध्या चढावर तो दम खायला बसला. वर गावात आता पाच-सहाच घरांतून धूर निघत होता. कोणता कुणाचा, हे त्याला इथून ओळखता येत होतं.