गुरुलिंगनं येळवशीला स्लॅब ठेवला

आमचा गुरुलिंग ह्या उन्हाळ्यात गेला. छातीत दुखतंय म्हनून नांदेडला दवाखान्यात नेलं आन बोलत बोलतच गेला. मातीला अहमदपूरला त्याच्या ऑफिसचे लोक गाड्या करून आले. लई रडले. आमच्यातले पाव्हणे मला इचारून राहिले, अक्का, हे सगळे कोन, गुरुलिंग नेमकं काम काय करीत व्हता. त्याची बायको सिंधु म्हनली, अक्का, तुमीच लिहा, तुमाला सगळं सांगत व्हता तो. म्हनून लिहून राहिले. मी त्याची थोरली बहीण, लोह्याला दिलेली.

आमच्या आप्पाचं, शंकरप्पाचं, अहमदपूरला मोंढ्यात किराना दुकान. पोरगा म्हनून गुरुलिंग एकटाच. आप्पाच्या मनात दुसरं काही न्हवतंच, शिकला की पोरगं गल्ल्यावर बसनार. पन गुरुलिंग नांदेडला कॉलेज करून तिथंच नोकरीला लागला. गावोगाव पान्याच्या टाक्या बांधायचं, पाइप टाकायचं काम घेनारी कंपनी व्हती. ती कामं एकदम पन्नास ठिकानी चालायची. कुठं काय झालं, कुठं अडलं, कुनाच्या मागं कुनी यायचं, हे सगळं एका ऑफिसातून बघायचे. त्याला पीएमओ म्हनतेत, प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस. तिथं आधी कोऑर्डिनेटर म्हनून घेतेत. दिसभर साइटवर फोन लावायचे, आज काय झालं ते इचारायचं. तालीम घेऊन तयार झाला की प्लॅनर करतेत. प्लॅनर म्हंजे कोनतं काम कोनत्या दिवशी, ते ठरवनारा.

आप्पाला हे पटत न्हवतं. म्हनायचे, काम दुसरे करतेत आन हा इचारतो, झालं का म्हनून. एवढं तर मी दुकानात बसून बी इचारतो, उधारी देता का म्हनून. सगळे हसायचे. गुरुलिंग बी हसायचा, पन त्याला लागायचं. शेवटी आप्पानं सांगून टाकलं, पाडव्यापर्यंत प्लॅनर झालास तर राहा नांदेडला, न्हाई झालास तर गपगुमान दुकानात ये. गुरुलिंग हाव म्हनला.

लई मेहनत केली त्यानं. ऑफिसात नरसिंग सर म्हनून जुने प्लॅनर व्हते, ते शिकवायचे. खड्डा, मंग गज, मंग सेंट्रिंग, मंग स्लॅब. एक दिवस सरकला की मागचे सगळे सरकतेत. मला फोनवर समजवून सांगायचा, मी भाकरी थापत थापत ऐकायची. मंग परीक्षा म्हनून त्याच्याकडं एका टाकीचं काम दिलं. आपल्याच अहमदपूरकडच्या गावात. कोनत्या दिवशी काय, तो तक्ता तूच कर, म्हनल्या त्याच्या ऑफिसच्या मोठ्या वर्षाराणी मॅडम, हे जमलं की पाडव्याला प्लॅनर.

त्यानं तक्ता केला. सुट्ट्या बघितल्या, ऑफिसच्या कॅलेंडरात व्हत्या तेवढ्या सगळ्या. स्लॅबचा दिवस धरला. हैदराबादहून काँक्रीटचा पंप आन त्याचे मानसं यायचे व्हते.

आन तो दिवस निघाला येळवशीचा, येळ अमावस्येचा.

आता तुमाला तर म्हाईत हाय, येळवशीला लातूरकडं गाव ओस पडतं. दुकानं बंद, मजूर शेतात, कुत्रं बी रस्त्यावर दिसत न्हाई. सगळे आपापल्या शेतात, कडब्याची कोप, म्हंजे झोपडी, करून पूजा करतेत आन शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खातेत. हे कुनी कुनाला सांगतं का? आपल्याला ते सांगायची गोष्टच वाटत न्हाई. म्हनूनच त्यानं तक्त्यात घातलं न्हाई. आन त्यानं स्वतः त्या दिवसाची रजा टाकली व्हती. दोन्ही एकाच मानसानं केलं. मॅडमनं बी रजेवर सही केली, का म्हनून इचारलं न्हाई.

आमी सगळे शेतात. मी बी माहेरी आलेली. गुरुलिंगच्या हातात आंबिलीचा गिलास, आन फोन वाजला. हैदराबादवाला म्हनला, साहेब, पंप आलाय, इथं मानूस न्हाई. गुरुलिंगनं गिलास ठिवला आन मोटारसायकल काढली. आप्पा म्हनले थांब, आन मागं बसले.

मला आप्पानंच मागून सांगितलं सगळं. टाकीपाशी पंप उभा आन ती मानसं सावलीत बसलेली, सकाळपासून उपाशी. चहाची टपरी बी बंद. आप्पा म्हनले, आधी ह्यायला शेतात घेऊन चल. येळवशीला कुनाला उपाशी ठिवत न्हाईत. तसे ते सगळे आमच्या शेतात आले. भज्जी बघून आधी बिचकले, मंग दोनदा मागून खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी मॅडम नांदेडहून थेट शेतातच आल्या. त्यायनी इचारलं, तक्ता कुनी केला. कॅलेंडर ऑफिसचं व्हतं, नरसिंग सरनं तक्ता बघितला बी व्हता, त्यायच्यावर ढकलता आलं असतं. गुरुलिंग म्हनला,

"मीच केला, मॅडम. मला म्हाईत व्हतं, म्हनून मी लिहिलं न्हाई."

मॅडम खाली टेकल्या. मंग म्हनल्या, ह्या पाडव्याला प्लॅनर न्हाई, आनखी एक साल कोऑर्डिनेटरच राहायचं. पन तालीम सोडायची न्हाई. माझ्या आईनं, शिवम्मानं, त्यायच्या पुढं पान वाढलं. जेवल्या त्या.

गाड्या गेल्यावर गुरुलिंग बांधावर बसला. म्हनला, आप्पा, पाडव्याला येतो मी दुकानात. कबूल केलं व्हतं तसं.

आप्पा त्याच्या शेजारी बसले. म्हनले, "तू एक दिवस चुकलास तर एवढे मानसं उभे राहतेत. मी दुकान महिनाभर बंद ठिवलं तर लोक बाजूच्या दुकानात जातेत. तुझं काम मोठं हाय रे. शिक नीट."

ते साल तो लई फिरला. गावात गेला की आधी म्हाताऱ्या मानसायपाशी बसायचा, जत्रा कधी, बाजार कोनत्या वारी, सोयाबीन काढायला मजूर कधी जातेत, हे इचारायचा, मंग तक्ता. पुढं नव्या पोरापोरींची तालीम त्याच्याकडंच आली. पयल्या दिवशी येळवशीची गोष्ट सांगायचा, स्वतः सांगायचा, लपवली न्हाई. मातीला जे रडत व्हते ना, ते हेच. त्यायच्यातले कितीतरी जन आता दुसऱ्या शहरात प्लॅनर हायत.

साल भरलं आन तो प्लॅनर झाला, त्या दिवशी आधी माझ्याकडं लोह्याला आला. एसटीनं, उन्हात. दारातूनच म्हनला, अक्का, झालो. भाकरी आन वरन खाल्लं आन तिथंच खाली आडवा झाला, उशी बी घेतली न्हाई. लेकरं दंगा करून राहिले व्हते, मी त्यायला बाहेर काढलं आन दार लोटून घेतलं. पार दिवस मावळेपर्यंत झोपला तो. मी उठवलं न्हाई.