अण्णांच्या टँकमधलं शेवाळ

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. सांगायचं ठरवते, आणि मग भलतंच काहीतरी बोलत बसते. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण.

निपाणीहून नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा के. आर. पुरमला अण्णा-अक्कांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच; मराठी बोलता बोलता कधी कन्नडमध्ये शिरायचे ते त्यांनाही कळत नसे. अण्णा रिटायर्ड ड्राफ्ट्समन. अक्का सत्तरीच्या, थोड्या विसरभोळ्या. मूलबाळ नव्हतं. हॉलमध्ये होता तो चार फुटी फिशटँक.

तो कसा सांगू? रिबिनीसारखी लांब हिरवी पाती, पाण्याच्या ओढीने एकाच बाजूला झुकलेली. त्यांच्या आतबाहेर चमकणारे बारके मासे. आणि एंजल माशांची एक जोडी, अकरा वर्षांची — इतकी सावकाश फिरायची, जणू कुणीतरी त्यांना स्वप्नात बघतंय. अण्णांचा एकच कडक नियम होता: दिवा सहा तास. "शेवाळ का येतं सांगू?" ते म्हणायचे. "आपण लाड जास्त करतो म्हणून."

मग म्हैसूरला अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सहा आठवडे तिकडे, बहिणीकडे. अक्कांना प्रवास झेपत नसे, त्या घरीच राहिल्या. टँक माझ्यावर सोपवला. सकाळी चिमूटभर खाणं घालायचं तेवढं अक्कांचं काम, वर्षानुवर्षांचं.

मी ऑफिसातून यायची तेव्हा टँकचा दिवा विझलेला असायचा. म्हणून मी टायमर बदलला. आधी तासभर. मग आणखी. संध्याकाळी अक्का कॉफी करायच्या आणि आम्ही दोघी त्या हिरव्या उजेडात बसायचो. भिंती हलायच्या, अक्कांच्या पांढऱ्या केसांवर पाण्याच्या रेघा सरकायच्या. आपण घरात आहोत की तळाशी — कळायचं नाही. त्या शहरात मला तेवढीच एक जागा आपली वाटायची. दिवा दहा-बारा तास जळत होता.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी धूळ बसली. मग पात्यांवर तंतू आले, मोकळ्या केसांसारखे. खरं सांगू? सुरुवातीला ते मला सुंदर वाटले. पुढे पात्यांच्या कडांना काळे झुबके धरले आणि पाती कुजायला लागली.

अण्णांचा फोन यायचा. "टँक कसा आहे?"

"छान आहे, अण्णा."

का म्हणाले असं? ते रागावले नसते. दिवा कमी कर, तिसरा हिस्सा पाणी बदल, जुन्या टूथब्रशवर तंतू गुंडाळून काढ, तीन दिवस चादर टाकून अंधार कर आणि थांब — एवढंच सांगितलं असतं. मला सगळं माहीत होतं. पण थांबायचं म्हणजे ते परत येतील तेव्हा थोडं तरी शेवाळ दिसणार. मग ते विचारणार, दिवा किती तास ठेवलास?

शिवाजीनगरच्या एका दुकानातून मी शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणली. दुकानदाराने दोनदा बजावलं, "स्वल्प स्वल्प हं, मॅडम. एक झाकण, मग दोन दिवस थांबायचं." अण्णा दुसऱ्या दिवशी येणार होते. सकाळी ऑफिसला निघताना, अक्का देवघरात असताना, मी पाच झाकणं ओतली. टायमर पुन्हा सहा तासांवर आणला. बाटली पर्समध्ये टाकली.

अकराच्या सुमाराला घरच्या लँडलाइनवरून अक्कांचा फोन आला. "नंदा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत गं. भूक लागली असेल का? अजून घालू?"

मला कळलं होतं. औषधामुळे माशांना हवा मिळत नव्हती. पाणी बदला, शेजारच्यांना हाक मारा — काहीही सांगता आलं असतं. पण मग बाटलीचंही सांगावं लागलं असतं. अक्का बराच वेळ बोलत राहिल्या, आणि मी शेवटी म्हणाले, "घाला."

दुसऱ्या दिवशी अण्णा वॉकर टेकत टँकपाशी उभे राहिले. सगळे मासे गेले होते, एंजलची जोडीसुद्धा. पाण्यावर खाण्याचा जाड थर तरंगत होता. अण्णांनी अक्कांकडे बघितलं. अक्का माझ्याकडे वळल्या. "मी हिला फोन केला होता की. हीच म्हणाली, घाला."

आणि मी — अगदी मऊ आवाजात, त्यांचा हात हातात घेऊन — म्हणाले, "नाही अक्का. आपला फोन झालाच नाही काल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. पायाखालची पायरी चुकल्यावर माणूस बघतो, तसं. मग म्हणाल्या, "सरी, बरं. मला भास झाला असेल."

वर खोलीत जाऊन मी मोबाइलवरचा तो कॉल पुसून टाकला.

त्यानंतर अण्णांनी खाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मग गॅस पेटवायचं काम अक्कांकडून काढून घेतलं, मग किल्ल्या. सगळं मायेनेच. अक्का प्रत्येक गोष्ट विचारून करू लागल्या — मीठ घातलं का मी, दार लावलं का. स्वतःला आठवत असलेलंही दुसऱ्याला विचारायच्या. पुढे दोन वर्षांनी त्यांचं खरोखरच विसरणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, हा आजार फार आधीपासून आत असतो. असेल. पण त्या दिवशी तो नव्हता.

लग्न होऊन मी इंदिरानगरला आले. निघताना अक्कांनी माझी ओटी भरली, तेव्हा त्यांना अजून सगळं समजत होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसले.

गेल्या वर्षी अक्का गेल्या.

त्यांना बरोबर आठवत होतं. फोन झाला होता, चार मिनिटं. औषध मी ओतलं होतं, आणि "घाला" असं मीच म्हणाले होते.